जायफळ-लवंगांच्या देशातल्या स्वयंपाकात जायफळ-लवंगा कुठेत?

मीनल_जाकार्ता

नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली जाकार्ताला येऊन. येताना डोक्यात एकच चित्र होतं, मसाल्यांची बेटं! ज्या जायफळ-लवंगांपायी पोर्तुगीज, डच, इंग्रज जिवावर उदार होऊन इथे आले, त्या देशात पातेल्याचं झाकण उघडलं की आपल्या बिर्याणीसारखा घमघमाट येत असणार असं गृहीत धरलेलं.

आमच्या शेजारी एक इबू राहतात (इथे वयाने मोठ्या बाईला इबू म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं). मध्य जावातल्या क्लातेनच्या. त्यांच्याकडे बसून स्वयंपाक शिकतेय. दोन वर्षांत त्यांनी लवंग हातात घेतलेली मी जेमतेम चार वेळा पाहिली असेल. त्यांच्या टोपलीत रोज काय असतं सांगू? छोटे लाल कांदे, लसूण, ओली हळद, आलं, लंग्कुआस (म्हणजे आपलं कोळिंजन), कन्चूर नावाचा एक छोटा कंद ज्याला मातीचा आणि कापराचा मिळून वास येतो, गवती चहाचे जाड दांडे, धणे, सालामची पानं (आपल्या तमालपत्रासारखी वापरतात), चिंच, काळपट माडाचा गूळ, तरासी म्हणजे कोळंबी आंबवून केलेली वडी आणि कमिरी. कमिरी म्हणजे जंगली अक्रोड, कच्चा खायचा नाही, भाजून वाटणात घालायचा, रस्स्याला दाटपणा येतो, आपण काजू-खसखस घालतो तसा.

आणि हे सगळं वाटायचं चोबेकवर. काळ्या दगडाची उथळ परात आणि आकड्यासारखी वाकडी मूठ असलेला वरवंटा, त्याला उलेकान म्हणतात. मी पहिल्या दिवशी खलबत्त्यासारखं कुटायला लागले तर इबूंनी हात धरला. कुटायचं नाही, मनगटाने पुढे ढकलायचं आणि मागे ओढायचं. आधी मीठ, लसूण, कमिरी, ते लोण्यासारखं झालं की मगच कांदे, नाहीतर पाणी सुटतं आणि सगळं घसरत राहतं. या वाटणाला म्हणतात बुम्बू.

तर माझं मत असं झालंय की हा स्वयंपाक मसाल्याचा नाहीच, वाटणाचा आहे. पण मग जगाला वेड लावणारी जायफळं-लवंगा यांनी स्वतःच्या ताटात का घेतली नाहीत? कोणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा.

रिकामटेकडा

सोनाराच्या बायकोच्या अंगावर दागिने नसतात तसं असेल :)

पाटावरवंटा

मीनलताई, धागा एकदम जिव्हाळ्याचा! वाटण शब्द वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही रोजच्या आमटीला गरम मसाला कुठे असतो, ओलं खोबरं-धणे-मिरची वाटायची की झालं. गरम मसाला सणावाराला नाहीतर मटणाला. तुमच्या इबूंचं चोबेक कुठल्या दगडाचं आहे हो? आमच्या पाट्याला दर दोन वर्षांनी टाकी लावून घ्यावी लागायची.

मीनल_जाकार्ता

@पाटावरवंटा, ज्वालामुखीचा दगड. मेरापी डोंगराच्या पायथ्याशी मुन्तिलान म्हणून गाव आहे, तिथे पाथरवटांची वस्तीच आहे, मूर्ती घडवतात आणि चोबेकही. नवीन आणलं की आधी नुसते तांदूळ वाटून टाकून द्यायचे, दोन-तीनदा, दगडाची पूड येईनाशी होईपर्यंत.

जुनी_बखर

प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र रक्ताचं आहे. जायफळ जगात फक्त बांदा बेटांवर व्हायचं, नकाशावर ठिपकाही दिसत नाही एवढी बेटं. लवंग फक्त तर्नाते, तिदोरे, मोती, माकियान, बाचान या उत्तर मालुकूतल्या बेटांवर (मालुकू म्हणजे इंडोनेशियाच्या पूर्वेकडचा बेटांचा समूह, बांदाही त्यातच). पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि पुढच्याच वर्षी बांदाला पोचले. 1602 मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली. आणि 1621 मध्ये यान पीटरझोन कून हा कंपनीचा गव्हर्नर जनरल आरमार घेऊन बांदावर उतरला. तिथल्या 44 प्रमुखांना (ओरांग काया म्हणायचे त्यांना) भाडोत्री जपानी तलवारबाजांकडून मारलं. बेटांवर साधारण 15,000 माणसं होती, उरली हजारभर. बाकी मेली, उपाशी मेली, गुलाम म्हणून नेली किंवा होड्यांतून पळाली. पळालेल्यांचे वंशज केई बेटांवर दोन गावांत अजून राहतात आणि जुनी बांदा भाषा तिथेच बोलली जाते, खुद्द बांदावर नाही.

मग कंपनीने बांदातल्या जमिनीचे तुकडे पाडून आपल्या माणसांना दिले आणि गुलाम आणून बागा चालवल्या. परक्याने बी रुजवू नये म्हणून जायफळं चुन्याच्या निवळीत बुडवून विकायचे. लवंगेचं तर त्याहून वाईट. 1652 मध्ये तर्नातेच्या सुलतानाशी करार करून त्याला पैसे दिले आणि त्याच्या राज्यातली लवंगेची झाडं तोडायला लावली, लागवड फक्त अंबोन आणि आसपासच्या बेटांवर ठेवली. होड्यांचे ताफे फिरायचे, दिसलं झाड की तोड. लोकांच्या परसातलं झाडही गुन्हा. अशा ठिकाणी स्वयंपाकात लवंग कशी राहणार? माझं उत्तर हे, की कंपनीने हिरावून नेली.

भुकेलेला_वाघ

बापरे. हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं? तिथे आपलं वास्को द गामा आला आणि मिरी घेऊन गेला एवढंच.

रिकामटेकडा

आणि ते न्यूयॉर्कच्या बदल्यात बेट दिलं ते कुठलं? एका जायफळाच्या बेटासाठी अख्खं मॅनहॅटन सोडलं म्हणतात.

जुनी_बखर

@रिकामटेकडा, ते रुन, बांदातलंच. पण गोष्ट सांगतात तशी सरळ अदलाबदल नव्हती. 1667 च्या ब्रेडाच्या तहात ठरलं की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याने ठेवावं. रुन डचांकडे होतं, न्यू अ‍ॅमस्टरडॅम म्हणजे आजचं न्यूयॉर्क, इंग्रजांनी 1664 मध्येच घेतलेलं. दोघांनी एकमेकांचे हक्क सोडले इतकंच.

सुमेधा_क

जुनी_बखर, माहिती पटली पण निष्कर्ष नाही पटला. जाकार्ता ते बांदा अंतर अडीच हजार किलोमीटर आहे, पुण्याहून गुवाहाटीपेक्षा लांब. जावाच्या बाईसाठी जायफळ हा कधीच परसातला माल नव्हता, कंपनी यायच्या आधीही नव्हता. आणि खुद्द बांदाची माणसंसुद्धा जायफळ विकून साबुदाण्याच्या झाडाचं पीठ, तांदूळ आणि आपल्या गुजरातेतलं कापड घ्यायची. त्यांच्यासाठी ते नगदी पीक होतं. आमच्या जळगावकडे केळीचे ट्रकच्या ट्रक भरून जातात, म्हणून काय आम्ही तीन वेळा केळ्याची भाजी खातो का? पिकवणं वेगळं, रांधणं वेगळं. कंपनीने अन्याय केला यात शंकाच नाही, पण ताटातल्या चवीचं कारण तिथे शोधू नये असं मला वाटतं.

पाटावरवंटा

सुमेधाला +१. मासे ताजे असतील तर चिंच, हळद, मिरचीच पुरते. लवंग-जायफळ घातलं तर माशाची चव मरते.

गोंयकार_१

पाटावरवंटा, बांदात जायफळ घालून माशाचं सार करतात बरं का, इकान कुआह पाला. पाला म्हणजे जायफळ. चव मरत नाही, चिमूटभर असतं.

शीतल_सिंगापूर

मी सिंगापुरात असते, इथलं रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मटण) खाल्लंय. त्यात तर दालचिनी, लवंग, चक्रीफूल सगळं असतं, शिवाय भाजलेल्या खोबऱ्याची पूड. अगदी आपल्या मालवणी मटणाच्या जवळ जाणारं. मग वाटणाचा स्वयंपाक कसा म्हणायचा?

बाराखडी

शीतल, भाजलेलं खोबरं ही मलय बाजू. मूळ रेंदांग पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. मी पाडांगला कामासाठी आठ महिने होतो, तिथल्या खानावळवाल्या बाईंकडे बसून पाहिलंय, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

मोठी लोखंडी कढई, लाकडाचा जाळ, नारळाचं घट्ट दूध. त्यात मिरची, लाल कांदा, आलं, लसूण, लंग्कुआसचं वाटण, गवती चहा, लिंबाचं पान आणि हळदीचं पान. हो, हळदीचं पान! गाठ मारून अख्खं टाकतात. झाकण काढलं आणि मला डोळ्यांसमोर आईचे नागपंचमीचे पातोळे दिसले, इतका तोच वास. आंबटपणासाठी आसाम कांदिस घालतात, सुकवलेल्या काळ्या फोडी, त्या आपल्या आमसुलाच्या भावकीतल्या.

मग ढवळत बसायचं. पहिल्या टप्प्यात पिवळा पातळ रस्सा असतो, त्याला गुलाई म्हणतात. तो आटून तपकिरी, लपथपीत झाला की कालिओ. पुष्कळ हॉटेलांत रेंदांग म्हणून हाच वाढतात. आणि आणखी तास-दोन तास मंद जाळावर ठेवला की दुधाचं तेल सुटतं, मटण त्याच तेलात तळलं जातं, काळपट होतं, ते खरं रेंदांग. फ्रीजशिवाय आठवडेच्या आठवडे टिकतं. मिनांग पोरं कमवायला दूरदेशी जायची, त्यांच्या शिदोरीत हे असायचं.

दालचिनी-लवंगेवरून तिथे घराघरांत मतभेद आहेत. आमच्या खानावळवाल्या बाई घालायच्या नाहीत, त्यांची जाऊबाई घालायची.

भुकेलेला_वाघ

रात्री साडेअकराला हे वाचायला नको होतं.

अभय_रॉटरडॅम

मीनल, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आहे. त्या डच. फ्लॉवर उकडायचा, वर पांढरा सॉस आणि त्यावर जायफळ किसायचं, हा इथल्या घराघरातला प्रकार. घेवडा, बटाट्याचा लगदा, सगळ्यावर जायफळ. जायपत्री घालून सार. हिवाळ्यातल्या बिस्किटांत लवंग-दालचिनी-जायफळ. म्हणजे ते गेलं कुठे तर इथे आलं.

आणि उलट प्रवासही झाला. इंडोनेशियात जिथे जायफळ-लवंग दिसते त्यातले बरेच पदार्थ डचांच्या संगतीतले आहेत. समूर म्हणजे गोड सोया सॉसमधलं मटण, शब्दच डच. पर्कडेल म्हणजे बटाट्याची टिक्की, तेही डच नावावरून. आणि तो थरांचा केक, लापिस लगित, एकेक थर ओतून वरून भाजत जायचा, त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, वेलची. मालुकूतलं जायफळ हॉलंडची सवय होऊन जावाच्या केकमध्ये परत आलं.

मीनल_जाकार्ता

@अभय, अगदी! इबूंनी लवंग घेतली ते चारही वेळा समूर होतं. आणि जायफळ बटाट्याच्या पर्कडेलमध्ये. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आचे_ते_अकोला

थांबा थांबा. सगळ्या इंडोनेशियाला जावाच्या मापाने मोजू नका. आचेला जा, सुमात्राच्या वरच्या टोकाला. तिथल्या रस्स्यात कढीपत्ता, जिरं, वेलची, चक्रीफूल, भाजलेलं खोबरं, सगळं असतं. शेकडो वर्षं तमिळ, गुजराती, अरब जहाजं तिथे लागत होती. मकासारचं चोतो, म्हणजे शेंगदाण्याचं कूट घातलेलं मटणाचं सार, त्याला चाळीस मसाले लागतात असं तिथले लोक सांगतात. बालीत बासे गनप म्हणजे 'संपूर्ण वाटण', त्यात कंदांच्या जोडीला जायफळ, लवंग, मिरी, पिंपळी, धणे, सगळं येतं. म्हणजे वाटण आणि मसाला असे दोन पक्ष नाहीत, तिथे मसालाही वाटणातच जातो. कोरडी पूड करून डब्यात ठेवायची सवय कमी, एवढाच फरक.

बाराखडी

हे मान्य. आणि पिंपळीवरून आठवलं. मिरची तर सोळाव्या शतकात अमेरिकेतून आली, त्याआधी जावात तिखटपणा मिरी, आलं आणि पिंपळीचा. तिथल्या पिंपळीचं नाव चाबे. मिरची आली आणि चाबे हे नाव मिरचीनेच पळवलं, बिचाऱ्या पिंपळीला आता 'चाबे जावा' म्हणजे जावाची मिरची म्हणतात. आपल्याकडे काय झालं? मिरीची मिरची झाली! इकडे मिरीचं नाव नेलं, तिकडे पिंपळीचं.

सुमेधा_क

वा! शब्दांचीच निघाली तर घ्या. इंडोनेशियात मिरीला मरिचा म्हणतात, संस्कृत मरिच. धण्याला कतुम्बार, आपली कोथिंबीर, दोघी संस्कृत कुस्तुंबरीच्या लेकी. साखरेला गुला, आपला गूळ. आणि पाला म्हणजे नुसतं फल! जातिफलातली जाई गळाली, आपण जायफळात ती जपली. दालचिनीला मात्र त्यांनी स्वतःचं नाव दिलंय, कायू मानिस, गोड लाकूड. किती गोड.

विड्याचे_पान

मी उशिरा आले, पण कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या आजी त्रयोदशगुणी विडा करायच्या. पान, सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, कंकोळ, केशर, खोबरं, बदाम, कापूर. आता यात बघा, लवंग मालुकूची. जायफळ आणि जायपत्री बांदाची, एकाच फळातलं बी आणि त्यावरची लाल जाळी. कंकोळ, म्हणजे शेपटीवाली मिरी, जावाची. आणि खायचा भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातल्या झाडांतला, सुमात्रात बारूस बंदरावरून निघायचा. त्या बारूसला 1088 चा तमिळ शिलालेख सापडलाय, आपल्या ऐहोळेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाचशे स्वामींच्या व्यापारी संघाचा. तेरातले पाच जिन्नस समुद्रापलीकडचे, आणि आजीला हे कधी कळलंही नाही, तिच्यासाठी ते सगळं कासाराच्या गल्लीतल्या काष्टौषधीच्या दुकानातलं होतं.

कालिदासाच्या रघुवंशातही इंदुमतीच्या स्वयंवरात कलिंगाच्या राजाचं वर्णन करताना दूरच्या द्वीपांवरून लवंगेची फुलं आणणाऱ्या वाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे लवंग परदेशी आहे हे तेव्हा ठाऊक होतं, आपणच विसरलो.

पाटावरवंटा

विड्याचे_पान, प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

गोंयकार_१

डचांचं निघालंय तर आमच्या बाजूचं सांगतो. वेंगुर्ल्याला बंदराजवळ डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली, आता पडझड झालीय, वडा-पिंपळाची मुळं भिंतीत शिरलीत. कून ज्या कंपनीचा, तीच ही कंपनी. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. आज बांदाचं वाचल्यावर त्या भिंती वेगळ्या दिसायला लागल्यात. मागे शाळेच्या सहलीतल्या गाईडने 'डच व्यापारी होते' एवढं एक वाक्य सांगून पुढे नेलं होतं, पोरांना हे सगळं सांगायला हवं.

आणि आता आमच्याच कुळागरात माडा-पोफळीच्या सावलीत जायफळ आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जाती काढल्यात. फळ पिकलं की आपणहून उकलतं, आत ती लालभडक जायपत्री, काय रंग असतो! पण वरचा जाड गर लोक झाडाखालीच टाकतात.

मीनल_जाकार्ता

@गोंयकार_१, टाकू नका हो! इथे त्याचीच मजा आहे. बोगोरला गराच्या फोडी साखरेत मुरवून सुकवतात, मानिसान पाला. बांदात सरबत आणि जॅम करतात. आंबट-तुरट आणि मागून जायफळाचा थंड वास. आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या म्हणजे तुरटपणा जातो.

लाल_मातीची_माणसं

मला एक विचारायचंय. आम्ही बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतो. एकाने सांगितलं सुमात्रात पण तिरफळ आहे, खरं का?

बाराखडी

त्याची बहीण आहे. अंदालिमान म्हणतात, तोबा सरोवराकडच्या बाताक लोकांची. हिरवे ताजे घोस वाटून अर्सिक नावाच्या माशाच्या कालवणात घालतात. जिभेला तशाच मुंग्या येतात पण वास लिंबाकडे झुकणारा, आपलं तिरफळ जास्त उग्र. आपण बी काढून सालं वापरतो, ते अख्खं वाटतात.

रिकामटेकडा

म्हणजे बाताक माणूस मालवणात आला तर त्याला घरचं वाटेल. मालवणी माणूस तिकडे गेला तर म्हणेल 'आमच्याकडे यापेक्षा बरा करतत'.

लाल_मातीची_माणसं

म्हणणारच, कारण खरंच बरा करतत :)

जुनी_बखर

सुमेधा, तुझा मुद्दा दोन दिवस डोक्यात होता. नगदी पिकाचं म्हणणं मान्य करतो. एक भर घालतो. आज इंडोनेशिया जगात सगळ्यात जास्त लवंग पिकवतो आणि त्यातली बहुतेक स्वतःच वापरतो, पण पातेल्यात नाही, सिगरेटमध्ये! क्रेतेक म्हणतात, तंबाखूत लवंगेचा चुरा. जावातल्या कुदूस गावात 1880 च्या सुमारास सुरू झाली. ओढताना लवंग तडतडते त्या आवाजावरून नाव. विसाव्या शतकात याची मागणी इतकी वाढली की लवंगेची ही मायभूमी झांझिबार आणि मादागास्करहून लवंग विकत आणत होती. झांझिबारला ती कशी गेली? पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने 1770 मध्ये मालुकूतून रोपं चोरून मॉरिशसला नेववली, तिथून पुढे पसरली. जायफळाचंही तसंच, इंग्रजांनी बांदा काही वर्षं ताब्यात घेतलं तेव्हा रोपं पेनांगला आणि सिलोनला नेली. पुढे ते ग्रेनाडापर्यंत गेलं, आज त्यांच्या झेंड्यावर जायफळ आहे. ज्या मक्तेदारीसाठी एवढी माणसं मारली ती अशी रोपांच्या टोपल्यांतून गेली.

सुमेधा_क

जुनी_बखर, धन्यवाद. आणि तुमच्यामुळे मी बांदाबद्दल जे वाचतेय ते वाचून झोप उडालीय. 44 जणांचं प्रकरण पुन्हा एकदा स्वतंत्र धागा काढून लिहा.

मीनल_जाकार्ता

मंडळी, काल सगळे प्रतिसाद इबूंना मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले आणि थेट विचारलं, तुम्ही जायफळ-लवंग रोज का वापरत नाही? त्या हसल्या. म्हणाल्या, वापरते की, तुला दिसत नाही. मग फळीवरून एक बाटली काढली. वाळवलेलं आलं, लवंग, दालचिनी, जायफळ, गवती चहा. सर्दी झाली की उकळायचं, बाळाचं पोट दुखलं की जायफळ उगाळायचं. त्यांची आई जामू विकायची, पाठीला कापडाने बांधलेल्या टोपलीत काढ्यांच्या बाटल्या घेऊन दारोदार. तांदूळ-कन्चूरचा काढा, हळद-चिंचेचा काढा. (जामूला 2023 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत घेतलं, ते इबूंना माहीत होतं, अभिमानाने सांगितलं.) म्हणाल्या, वासाचे जिन्नस औषधाला आणि पाहुण्यांना, कंद आणि पानं रोजच्या भाताला.

बाळाला जायफळ उगाळून देतात ऐकल्यावर मला सहाण आणि आई आठवली, पुढे काही विचारलंच नाही.

आणि गोंयकारांनी सांगितलेलं माशाचं सार केलं. लाल कांदा, लसूण, हळद, मिरची वाटून तेलावर वास सुटेपर्यंत परतलं, गवती चहा, पाणी, चिंचेचा कोळ, सुरमईचे तुकडे, शेवटी पाव चमचा किसलेलं जायफळ. पाटावरवंटा, माशाची चव मेली नाही, शब्द!

पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. कोणाला चोबेक हवं असेल तर सांगा, एकच आणता येईल, साडेपाच किलोचं आहे.

पाटावरवंटा

मला! माझं नाव लिहून ठेवा. आणि ते पाठीवरच्या पिशवीत घालू नका हं, तपासणीत अडवतील, खालच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून टाका. तांदूळ मी इथे वाटेन.